गार कॅनला खोळ कशासाठी?

उन्हाळ्यात फ्रीजमधून काढलेली थंड पेयाची बाटली टेबलावर ठेवली की दोन-तीन मिनिटांत तिच्या अंगावर पाण्याचे बारीक थेंब जमतात. थेंब एकमेकांत मिसळतात, त्यांचे ओघळ होतात आणि बाटली उचलली की टेबलावर पाण्याचे एक गोल कडे उमटलेले दिसते. बाटलीला घाम आला, असे आपण म्हणतो. आमच्या महाविद्यालयातील कन्नड भाषिक मैत्रिणीही यासाठी घामाचाच ‘बेवरु’ हा शब्द वापरतात. दोन्ही भाषांनी उपमा एकच घेतली आहे. परंतु भौतिकशास्त्राच्या दृष्टीने ती बरोबर उलटी आहे. माणसाच्या अंगावरचा घाम वाळतो आणि वाळताना अंगातील उष्णता घेऊन जातो, म्हणून आपल्याला गार वाटते. बाटलीवरचा घाम वाळत नसतो, तो हवेतून येऊन जमत असतो. आणि जमताना तो आपल्याबरोबर उष्णता घेऊन येतो. आपला घाम आपल्याला थंड करतो, बाटलीचा घाम बाटलीला गरम करतो.

एवढी एक गोष्ट नीट ध्यानात आली की थंड पेयाच्या कॅनवर चढवावयाच्या एका साध्या खोळीचे मर्म उलगडते. आणि त्याच ओघात घरातले मडके, बर्फवाल्याचा भुसा, लसीची पेटी आणि औषधाची कुपी यांचाही विचार करता येतो. या लेखात तोच प्रयत्न केला आहे.

खोळ म्हणजे काय?

ॲल्युमिनियमचा कॅन जिच्यात घट्ट बसेल अशी, वरून उघडी आणि फोमची बनवलेली ही पिशवी असते. अमेरिकेत, विशेषतः टेक्सासकडे, तिला ‘कूझी’ म्हणतात. हे मुळात एका व्यापारी मालाचे नाव. १९८० च्या सुमारास ते तेथे नोंदवले गेले आणि पुढे कोणत्याही खोळीला लोक तेच नाव देऊ लागले. ऑस्ट्रेलियात तिला ‘स्टबी होल्डर’ म्हणतात. स्टबी म्हणजे तेथील बिअरची ३७५ मिलिलिटरची बुटकी बाटली. या दोन्ही देशांत खोळीचा उपयोग मुख्यतः बिअर गार ठेवण्यासाठी होतो, हे प्रांजळपणे सांगितले पाहिजे. आपण कोकम सरबत किंवा सोडा घेऊ. निसर्गाचे नियम त्यामुळे बदलत नाहीत.

चांगली खोळ नीओप्रीनच्या फोमची असते. नीओप्रीन हे कृत्रिम रबर. अमेरिकेतील ड्युपाँ कंपनीच्या प्रयोगशाळेत १९३० साली त्याचा शोध लागला. त्यात वायूचे असंख्य बारीक बुडबुडे कोंडून फोम तयार करतात. थंड समुद्रात बुडी मारणाऱ्यांचे पोशाख याच फोमचे असतात. तसा पोशाख १९५२ च्या सुमारास ह्यू ब्रॅडनर या भौतिकशास्त्रज्ञाने तयार केला. म्हणजे जे कापड समुद्रात माणसाला गरम ठेवते, तेच कॅनला गार ठेवते.

घोंगडीचा न्याय

येथे पुष्कळांची अडचण होते. ह्यूस्टनला नोकरी करणाऱ्या माझ्या मावसभावाने अशी एक खोळ आमच्या घरी आणली, तेव्हा आजीने ती उलटसुलट करून पाहिली आणि विचारले, “अगं, गार वस्तूला पांघरूण घातलंस तर ती गरम नाही का व्हायची?” प्रश्न अगदी स्वाभाविक आहे. घोंगडी पांघरली की ऊब येते, म्हणून घोंगडीतच ऊब आहे असे आपल्याला वाटते. वस्तुतः घोंगडीत स्वतःची अशी ऊब मुळीच नसते. रिकाम्या खोलीत रात्रभर घडी करून ठेवलेल्या घोंगडीत तापमापक खुपसून पाहावा. तो खोलीचेच तापमान दाखवील. ऊब आपल्या अंगाची असते. घोंगडी तिला फक्त बाहेर जाऊ देत नाही. उष्णतेची वाट अडवणे एवढेच तिचे काम. ती वाट आतून बाहेर जाणारी असो वा बाहेरून आत येणारी, घोंगडीला दोन्ही सारख्याच.

आजीला हे पटण्यास बर्फवाल्याचे उदाहरण पुरले. बर्फाची लादी तो भुशात पुरून वर गोणपाट टाकतो. उघडी ठेवीत नाही. या भुशाची कर्तबगारी केवढी आहे हे इतिहासात पाहावयास मिळते. अमेरिकेतील बोस्टनचा फ्रेडरिक ट्यूडर हा व्यापारी तेथील गोठलेल्या तळ्यांतला बर्फ कापून उष्ण देशांत विकत असे. १८३३ च्या मे महिन्यात त्याने ‘टस्कनी’ नावाच्या जहाजातून १८० टन बर्फ कलकत्त्याला धाडला. जहाज चार महिने समुद्रावर होते आणि विषुववृत्त दोनदा ओलांडून सप्टेंबरात पोहोचले. तोवर यंत्राने बर्फ करण्याची सोय कोठेच नव्हती. तरीही सुमारे १०० टन बर्फ शिल्लक होता. मद्रासच्या समुद्रकिनाऱ्यावर असाच बर्फ साठवण्यासाठी १८४२ साली बांधलेली इमारत आजही उभी आहे. १८९७ साली स्वामी विवेकानंद तेथे राहिले होते, म्हणून ती आता विवेकानंद इल्लम या नावाने ओळखली जाते.

भुसा, लोकर, थर्मोकोल, फोम या सर्वांच्या पोटात एकच वस्तू काम करीत असते, आणि ती म्हणजे कोंडलेली हवा. हवा ही उष्णतेची अत्यंत मंद वाहक आहे. तिची वहनक्षमता १ धरली तर फोमची सुमारे २, पाण्याची सुमारे २३, काचेची त्याहूनही जास्त आणि ॲल्युमिनियमची हजारोंच्या घरात जाते. मात्र मोकळी हवा खेळती असते. गार वस्तूला लागलेली हवा जड होऊन खाली घसरते आणि तिची जागा नवी गरम हवा घेते. हवेला लहान लहान खोल्यांत कोंडले की तिचे हे येणे-जाणे थांबते आणि तिचा मंदपणा आपल्या उपयोगी पडतो.

उष्णता कोणकोणत्या वाटांनी शिरते?

उघड्या कॅनमध्ये उष्णता चार वाटांनी शिरते. पहिली, सभोवार खेळणाऱ्या गरम हवेची. दुसरी, भिंती आणि छत यांच्याकडून येणाऱ्या प्रारणाची. तिसरी, हाताची, हाताचा तळवा ३० अंशांच्या वर असतो आणि तो कॅनला सरळ चिकटतो. चौथी, घामाची.

कॅन धातूचा असल्यामुळे लवकर गरम होतो, असा एक समज आहे. त्यात अर्धेच तथ्य आहे. हातात धरलेल्या कॅनच्या बाबतीत ते खरे आहे. पण टेबलावर ठेवलेल्या कॅनमध्ये खरा अडथळा धातूचा नसून धातूला लगटून असलेल्या हवेच्या पातळ थराचा असतो. दाराशी रांग लागलेली असताना आतला दिवाणखाना केवढा आहे याला महत्त्व नसते, तसेच हे आहे. दारच अरुंद असल्यामुळे भिंत ॲल्युमिनियमची असली काय आणि पातळ काचेची असली काय, फारसा फरक पडत नाही.

आता या कॅनवर ५ मिलिमीटर जाडीची खोळ चढवा. हिशेब केला तर असे दिसते की एवढ्या फोमचा अडथळा आणि स्थिर हवेच्या त्या थराचा अडथळा साधारण सारखाच भरतो. विजेच्या मंडलात दोन सारखे रोध एकापुढे एक जोडले की प्रवाह निम्मा होतो, हे आपण अकरावीत शिकतो. त्याच न्यायाने येथे हवेतून शिरणारी उष्णता सुमारे निम्मी होते. खोळ ३ मिलिमीटरचीच असेल तर ती दोन-तृतीयांशाच्या आसपास राहते. हाताची वाट तर जवळपास बंदच होते.

लाभ चांगला आहे, पण त्यात चमत्कार काहीच नाही. खोळीचे खरे काम चौथ्या वाटेवर आहे.

घामाचा हिशेब

हवेत पाण्याची वाफ नेहमीच असते. हवा जितकी गरम तितकी अधिक वाफ तिच्यात मावते. हवा थंड करीत गेले की एका विशिष्ट तापमानाला ती वाफेने पूर्ण भरल्यासारखी होते. त्या तापमानाला दवबिंदू म्हणतात. त्याहून गार पृष्ठभाग हवेत ठेवला की त्याला स्पर्श करणारी वाफ पाणी होऊन त्यावर बसते. पहाटे गवतावर पडणारे दव आणि दुपारी बाटलीवर येणारा घाम ही एकाच घटनेची दोन नावे आहेत. बाटलीच्या आतले पाणी झिरपून बाहेर येते असे अजूनही कोणी कोणी मानतात. त्यांनी पूर्ण बंद असलेला कॅन तोलून पाहावा. आतले बाहेर येत असते तर वजन तेवढेच राहिले असते; प्रत्यक्षात ते वाढते.

एक ग्रॅम पाण्याची वाफ करावयाची तर उष्णता द्यावी लागते, आणि त्या वाफेचे पुन्हा पाणी झाले की तेवढीच उष्णता परत मिळते. हीच अप्रकट उष्णता होय. आपल्या हवेच्या तापमानाला ती दर ग्रॅमला सुमारे ५८५ कॅलरी भरते. आकडा मोठा आहे. एक ग्रॅम पाणी एक अंशाने तापण्यास एकच कॅलरी लागते, हे त्याच्या शेजारी ठेवून पाहावे.

आता ३३० मिलिलिटरचा कॅन घेऊ. त्याचा व्यास सुमारे ६.६ सेंटिमीटर आणि उंची ११.५ सेंटिमीटर. बाजू आणि बूड मिळून पृष्ठफळ सुमारे २७० चौरस सेंटिमीटर होते. त्यावर फक्त ०.१ मिलिमीटर जाडीचा, म्हणजे एखाद्या साध्या कागदाएवढा पाण्याचा थर जमला असे धरू. ते पाणी २.७ ग्रॅम होईल, अर्धा चमचा म्हणा ना. त्याने सोडलेली उष्णता २.७ गुणिले ५८५, म्हणजे सुमारे १५८० कॅलरी. तिला ३३० ने भागले की उत्तर येते सुमारे ४.८ अंश. अर्धा चमचा घाम ५ अंशांचे पेय जवळजवळ १० अंशांवर नेऊन ठेवतो!

हा हिशेब नवा नाही, पण त्याकडे लक्ष वेधण्याचे श्रेय अमेरिकेतील सिॲटल येथील वॉशिंग्टन विद्यापीठाच्या डेल डुरान आणि डार्गन फ्रायर्सन या वातावरणशास्त्राच्या दोन प्राध्यापकांना दिले पाहिजे. २०१३ साली ‘फिजिक्स टुडे’ या मासिकात त्यांनी यावर लेख लिहिला आणि प्रयोग करून दाखवले की उष्ण व दमट हवेत कॅन तापण्यास घामाचा हातभार हवेच्या कोरड्या उष्णतेइतका, किंबहुना अधिकही असू शकतो. डुरान यांचे म्हणणे असे की खोळीचे सर्वांत महत्त्वाचे काम कदाचित उष्णता अडवणे हे नसून कॅनवर घाम जमू न देणे हे आहे. उदाहरणासाठी त्यांनी सौदी अरेबियातील धहरान शहर घेतले. तेथे ८ जुलै २००३ रोजी दवबिंदू ३५ अंशांवर गेल्याची नोंद आहे. तशा हवेत बाहेर काढलेल्या उघड्या कॅनची काय गत होईल, याची कल्पनाच करावी.

वातावरणशास्त्राच्या प्राध्यापकांना कॅनचे एवढे अगत्य का, असे कोणी विचारील. कारण तेच त्यांच्या विषयाचे इंजिन आहे. अरबी समुद्रावरून आलेली ओली हवा सह्याद्री चढू लागली की थंड होते, वाफेचे पाणी होते आणि आंबोलीला पाऊस कोसळतो. त्या वेळी सुटलेली उष्णता ढगांना आणखी वर ढकलते. चक्रीवादळाला बळ मिळते तेही याच उष्णतेतून. कॅनवरचा थेंब आणि समुद्रावरचे वादळ यांच्यात फरक आकारमानाचा आहे, जातीचा नाही.

घाटावर आणि घाटाखाली

आपल्या बेळगावकरांना या विषयाची प्रयोगशाळा घरबसल्या लाभली आहे. बेळगाव समुद्रसपाटीपासून सुमारे ७५० मीटर उंचीवर, आणि चोर्ला घाट उतरले की काही तासांत गोव्याचा किनारा. दोन्हीकडे उन्हाळ्यात ऊन कडकच. पण हवेचा स्वभाव अगदी वेगळा.

समजा, बेळगावात मार्चमधील कोरड्या दुपारी तापमान ३४ अंश आणि आर्द्रता २५ टक्के आहे. अशा हवेचा दवबिंदू सुमारे ११ अंश येतो. मे महिन्यात पणजीला तापमान ३३ आणि आर्द्रता ७० टक्के असेल तर दवबिंदू सुमारे २६ ते २७ अंश येतो. तापमान पाहिले तर बेळगाव एका अंशाने अधिकच. पण ५ अंशांच्या कॅनच्या दृष्टीने हवेतील जास्तीची वाफ मोजली तर पणजीत ती बेळगावच्या साडेपाच ते सहापट भरते. घामही सुरुवातीला त्याच प्रमाणात अधिक जमणार. शिवाय बेळगावचा कॅन ११ अंशांवर पोहोचला की त्याचा घाम थांबेल. पणजीचा कॅन मात्र २६ अंश गाठेपर्यंत घामेजतच राहील, म्हणजे तोवर पेय पिण्याच्या लायकीचेही उरलेले नसेल.

आता खोळ चढवू. ५ मिलिमीटरच्या खोळीत दोन्ही अडथळे सारखे असल्यामुळे खोळीच्या बाहेरच्या अंगाचे तापमान आतल्या आणि बाहेरच्या तापमानांच्या मध्यावर, सुमारे १९ अंशांवर राहते. बेळगावच्या त्या दुपारी १९ अंश हे दवबिंदूच्या वर आहेत. म्हणून खोळीवर एक थेंबही जमणार नाही. पणजीत १९ अंश हे दवबिंदूच्या खाली आहेत. म्हणून तेथे खोळही थोडी घामेजेल. पण तो घाम निम्म्याहून कमी असेल, आणि त्याची सगळी उष्णता आत शिरू शकणार नाही. तिला मधला फोम अडवील. म्हणून खोळीची गरज बेळगावपेक्षा गोव्यात, कारवारात, रत्नागिरीत अधिक, असे म्हणावयास हरकत नाही.

मडक्याचे गणित उलटे

आपल्याकडची जुनी युक्ती वेगळी आहे. मडक्याला, किंवा कन्नडमधल्या ‘मडिके’ला, बारीक छिद्रे असतात. त्यांतून पाणी पाझरते, बाहेर वाळते आणि वाळताना आतली उष्णता घेऊन जाते. पूर्वी मोटारगाडीच्या पुढे टांगीत ती कॅनव्हासची पाण्याची पिशवी याच तत्त्वावर चाले. मडके खरोखर थंड करते. खोळ थंड करीत नाही, फक्त गरम होण्यास उशीर लावते. हा मोठा फरक आहे.

परंतु मडक्यालाही मर्यादा आहे. ओल्या फडक्यात गुंडाळलेला तापमापक जेथवर उतरतो, त्याखाली मडके जाऊ शकत नाही. वर सांगितलेल्या बेळगावच्या दुपारी ती मर्यादा सुमारे २० अंश आहे, आणि पणजीच्या दुपारी सुमारे २८. म्हणून घाटावर मडक्यातले पाणी जिवाला गारवा देते आणि किनाऱ्यावर तेच मडके नावापुरते उरते. मडके कोरड्या हवेचा मित्र, तर उघडा कॅन दमट हवेचा बळी.

यावरून आणखी एक गोष्ट निघते. फ्रीजमधून काढलेल्या बाटलीला पुष्कळजण ओले फडके गुंडाळतात. बाटली खोलीइतकीच गरम असेल आणि हवा कोरडी असेल तर ते योग्य आहे. पण ५ अंशांच्या बाटलीवरील फडकेही तितकेच गार होते, दवबिंदूच्या खाली जाते, आणि मग त्यातले पाणी वाळण्याऐवजी हवेतली वाफच त्यावर येऊन बसते. थंड करण्यासाठी गुंडाळलेले फडके असे गरम करू लागते. फ्रीजच्या बाटलीला कोरडे फडके गुंडाळावे. ओले फडके मडक्यासाठी राखावे.

कुपीचा प्रश्न

पेय जरा कोमट झाले तर फार बिघडत नाही. पण काही वस्तूंच्या बाबतीत बिघडते, आणि मी या विषयात शिरले ती त्यामुळेच. माझी मावशी अथणी तालुक्यातील एका खेड्यात राहते. तिला मधुमेह आहे आणि रोज इन्सुलिन घ्यावे लागते. न उघडलेली कुपी २ ते ८ अंशांत ठेवावी लागते. वापरात असलेली कुपी सुमारे चार आठवडे बाहेर चालते, पण माहितीपत्रकात बहुधा २५ किंवा ३० अंशांची मर्यादा घातलेली असते. मावशीकडे उन्हाळ्यात वीज तासन्‌तास जाते. खोली ३८ अंशांवर तापते. इन्सुलिन उष्णतेने क्षीण झाले तरी कित्येकदा दिसण्यात काहीच फरक पडत नाही. रोगी टोचून घेतो आणि साखर उतरत नाही.

तिच्या घरी वापरातली कुपी घट्ट झाकणाच्या प्लॅस्टिकच्या डबीत घालून, ती डबी दोन मडक्यांच्या जोडीत ठेवतात. मोठ्या मडक्यात लहान मडके, मधल्या जागेत ओली वाळू आणि वर ओले फडके. नायजेरियातील मोहम्मद बाह अब्बा या शिक्षकाने भाजीपाला टिकवण्यासाठी अशी जोडमडकी खेडोपाडी पोहोचवली आणि त्याबद्दल त्यांना २००० साली रोलेक्स पुरस्कार मिळाला. अथणीच्या कोरड्या हवेत ही सोय चांगली चालते. आत तापमापक ठेवून आम्ही ते पाहिले आहे.

मावशी मे महिना काढण्यासाठी म्हापशाला लेकीकडे जावयाची ठरली, तेव्हा तिने एक लहान जोडमडके बांधून घ्यावयास काढले. येथे मला घाटावरचे आणि घाटाखालचे गणित आठवले. जे मडके अथणीत पंचविशीच्या आत राहते, ते म्हापशाच्या दमट हवेत २८ अंशांखाली उतरणारच नाही. मग तेथे फ्रीजच हवा, आणि वाटेत हवा निरोधक. म्हणून आम्ही रुंद तोंडाचा थर्मास घेतला. त्यात प्रथम फ्रीजचे पाणी ओतून तो आतून गार केला, पाणी काढून कोरडा पुसला आणि डबीबंद कुप्या आत ठेवल्या. थर्मास म्हणजे खोळीचे अखेरचे टोक: दोन भिंतींमधली हवाही काढून टाकलेली. जेम्स ड्यूअर या शास्त्रज्ञाने १८९२ साली तशी बाटली तयार केली होती. बसमधला पूर्ण प्रवास त्यात निभावला.

बर्फ मात्र कुपीला लागू द्यावयाचा नाही, कारण इन्सुलिन गोठले तर कायमचे निकामी होते. गार ठेवणे आणि गोठवणे यांतला हा भेद लसीकरणाच्या कामातही पाळला जातो. परिचारिका खांद्याला अडकवून नेते त्या लसपेटीत चार बर्फपिशव्या असतात. त्या फ्रीजरमधून काढल्याबरोबर पेटीत ठेवीत नाहीत. हलवल्यावर आत पाणी डचमळल्याचा आवाज येईपर्यंत थांबतात. बर्फ वितळू लागला म्हणजे तो शून्य अंशावर आला आणि आता तो त्याखाली जाणार नाही, अशी ती खूण आहे. धनुर्वाताची किंवा कावीळ-ब ची लस गोठली तर फुकट जाते. पोलिओच्या थेंबांना उलट उष्णताच मारक. पेटीच्या जाड फोममुळे दोन्ही बाजू सांभाळल्या जातात. १३ जानेवारी २०११ नंतर आपल्या देशात निसर्गातील पोलिओ विषाणूचा रुग्ण आढळलेला नाही. त्या यशात या साध्या पेटीचाही वाटा आहे.

वापरताना

खोळ वापरणाऱ्यांनी चार गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. पहिली, खोळ कॅन गार झाल्यावर चढवावी. खोळीसकट कॅन फ्रीजमध्ये ठेवला तर तो उशिरा गार होईल, कारण घोंगडीला आत-बाहेर कळत नाही. दुसरी, चढवण्यापूर्वी कॅन पुसावा, म्हणजे पाणी आत कोंडले जाऊन खोळ भिजणार नाही. ज्या स्वस्त फोमची छिद्रे उघडी असतात त्यात पाणी शिरले की हवेची जागा पाणी घेते, आणि पाणी उष्णतेचे वीस पटींहून अधिक चांगले वाहक आहे. तिसरी, बूड झाकणारी आणि अंगाला घट्ट बसणारी खोळ घ्यावी; सैल खोळीच्या फटीतून ओली हवा आत खेळते. चौथी, उघड्या बाटलीवरचा घाम पुन:पुन्हा पुसल्याने पेय गार राहत नाही. थेंब जमला त्याच क्षणी त्याने आपली उष्णता आत दिलेली असते. पुसून आपण पाणी नेतो, उष्णता नेत नाही.

ज्यांना स्वतः पडताळा पाहावयाचा असेल त्यांनी एक ग्रॅमपर्यंत मोजणारा स्वयंपाकघरातला काटा घ्यावा. फ्रीजमधून दोन सारखे कॅन काढून कोरडे पुसावेत, एकाला खोळ चढवावी, दोघांची वजने टिपावीत, आणि पंधरा मिनिटांनी, न पुसता, पुन्हा तोलावेत. ३३० मिलिलिटरच्या उघड्या कॅनचे वजन जितके ग्रॅम वाढेल तितके गुणिले १.८ अंश, एवढे तापमान निव्वळ घामाने चढू शकते. हा प्रयोग एकदा बेळगावात मार्चमध्ये आणि एकदा जूनमध्ये पहिला पाऊस पडून गेल्यावर करावा. दोन्ही वेळचे आकडे वहीत शेजारी शेजारी लिहिले म्हणजे दमट हवा म्हणजे काय, हे पुस्तकातील व्याख्येपेक्षा अधिक स्पष्ट कळेल. आणि घरात कोणाचे औषध थंड ठेवावे लागत असेल, तर मडके पुरेल की थर्मास लागेल, हेही मग वही उघडून ठरवता येईल.